वाचकांचे प्रश्न : उणे चाळीस, ब्लिझर्ड आणि लेकीची काळजी

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी सप्टेंबरपासून कॅनडात सास्काटूनला शिकायला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, इथे जानेवारीत उणे चाळीसपर्यंत जातं आणि ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, आलं की रस्तेच बंद होतात. आम्ही सांगलीकडची माणसं, बारा-तेरा डिग्रीला स्वेटर काढतो. त्यात तिचा मैत्रिणींबरोबर गाडीने रेजायना शहरात जायचा बेत चाललाय. रात्री झोप लागत नाही मला. तिला काय काय सांगू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, थंडीला एवढं घाबरू नका, वाऱ्याला घाबरा. मी तिच्याच सस्कॅचेवन प्रांतात राहते, आणि आपली नवीन आलेली मुलं तापमानाचा आकडा बघून हादरतात पण वाऱ्याकडे कुणी बघतच नाही, हे दर हिवाळ्यात दिसतं. उणे तीस आहे आणि वारा पडलेला आहे तर नीट कपडे घालून आरामात फिरता येतं, वर ऊनही लख्ख असतं. त्याच उणे तीसला ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला ते उणे ४६ सारखं लागतं आणि उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठायला लागते. याला विंडचिल म्हणतात. सकाळी हवामान बघताना आधी विंडचिल बघ, एवढं लेकीला पक्कं सांगा.

हा सगळा प्रेअरीचा (गवताळ मैदानांचा) भाग, म्हणजे आल्बर्टा, सस्कॅचेवन, मॅनिटोबा आणि खाली अमेरिकेतलं नॉर्थ डकोटा वगैरे, सपाट आहे, समुद्र लांब, आणि उत्तरेकडून येणाऱ्या हवेला आडवा डोंगर नाही. म्हणून सगळंच टोकाचं. नॉर्थ डकोटात १९३६ या एकाच वर्षात फेब्रुवारीत उणे ५१ आणि जुलैत ४९ डिग्री नोंदलं गेलंय!

कपड्यांचं म्हणाल तर इथूनच घेऊ दे, आपल्याकडचं जॅकेट टिकत नाही. आत थर्मल, मग लोकर किंवा फ्लीस, वरून वारा अडवणारा लांब पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट. नुसत्या जीन्सवर बाहेर पडू नये, वारा आरपार जातो आणि ओली झाली की आणखी वाईट. बोटांचे हातमोजे असतातच, पण त्यावर मिटन्स हव्यात, चारी बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते. बूट एक साइज मोठे, जाड मोजा घालून आत बोटं हलली पाहिजेत. कानात धातूचे डूल असतील तर ते झाकले गेले पाहिजेत, नाहीतर काढून ठेवायचे, कारण ते आधी गार पडतात आणि कानाची पाळी दुखावते. आणि गालावर, नाकावर पांढरा डाग दिसला, तिथे बधिर वाटलं तर चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, लगेच आत येऊन कोमट पाण्याने हळूहळू गरम करायचं, आणि डाग गेला नाही किंवा फोड आले तर डॉक्टरकडे. रोजच्या जाण्यायेण्याची फार चिंता नको, तिच्या युनिव्हर्सिटीत बऱ्याच इमारती आतूनच जोडलेल्या आहेत.

आता ब्लिझर्ड. खूप बर्फ पडला म्हणजे ब्लिझर्ड नव्हे. कॅनडात इकडचा नियम असा की वारा ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त, ४०० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही, आणि हे निदान चार तास चालू. कधी कधी वरून एक कणही पडत नसतो, आधी पडलेला कोरडा बर्फच वारा उचलतो आणि पिठासारखा उधळतो. वर मान केली तर निळं आकाश दिसतं आणि समोर स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही! रस्ता कुठला, शेत कुठलं, काही कळत नाही. पूर्वी शेतकरी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचे तो याचसाठी, स्वतःच्या अंगणात माणूस वाट चुकायचा आणि तिथेच त्याचा जीव जायचा.

१२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेतल्या डकोटा-नेब्रास्का भागात सकाळ उबदार होती म्हणून पोरं जाड कोट न घालता शाळेत गेली, दुपारी अचानक वादळ आलं आणि अंदाजे २३५ माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. १९४७ मध्ये ३० जानेवारी ते ८ फेब्रुवारी सस्कॅचेवनमध्ये असं वादळ चाललं की रेजायनाकडे येणारे सगळे रस्ते आणि रेल्वे बंद, एक ट्रेन किलोमीटरभर लांब आणि आठ मीटर खोल बर्फात गाडली गेली, आणि एका शेतकऱ्याला गाईंना चारा घालायला गोठ्याचं छप्पर फोडून आत उतरावं लागलं. आणि जुनंच कशाला, जानेवारी २०२२ मध्ये मॅनिटोबात इमर्सनजवळ पायी अमेरिकेची सीमा ओलांडताना गुजरातचं एक अख्खं कुटुंब, आईवडील आणि दोन लेकरं, असल्याच रात्री गोठून गेलं. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

म्हणून रेजायनाच्या बेताबद्दल मी कडक आहे. साधारण दोनशे साठ किलोमीटरचा रस्ता आहे, हवा चांगली असेल तर खुशाल जाऊ दे. पण ब्लिझर्डची वॉर्निंग असेल तर बेत रद्द, हॉटेलचे पैसे बुडाले तरी. निघायच्या आधी सस्कॅचेवनची हायवे हॉटलाइन बघायची. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, फोनचा चार्जर, खायला काहीतरी, डब्यात मेणबत्ती आणि काडेपेटी. आणि तरीही अडकलात तर गाडी सोडायची नाही. कितीही जवळ दिवा दिसला तरी नाही. ९११ या इकडच्या आपत्कालीन नंबरला फोन करायचा आणि आत बसून राहायचं. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं, त्याआधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना ते बघायचं, कारण बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो आणि त्याला वासही नसतो, झोपेतच माणूस जातो. वारा नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, मेणबत्ती पेटवली तरीही. पोरींना हे तोंडपाठ करायला लावा.

प्रश्न : मी विनिपेगला नोकरीला आलोय, जुनी गाडी घेतलीय. सकाळी सुरूच होत नाही. इथे सगळ्यांच्या गाड्यांच्या पुढून एक वायर लोंबताना दिसते, ती काय?
— एक वाचक, विनिपेग

उत्तर : अरे, ती ब्लॉक हीटरची वायर, विजेच्या प्लगला लावायची. हा हीटर इंजिन गरम ठेवतो, नाहीतर ऑइल घट्ट होतं आणि गार बॅटरीला तेवढा जोर राहत नाही. शोध याच पट्ट्यातला आहे, नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तुझ्या गाडीला असेल तर बॉनेटखाली प्लग शोध, नसेल तर गॅरेजमधून बसवून घे. साधारण उणे पंधराच्या खाली गेलं की लाव, रात्रभर गरज नाही, निघायच्या तीन-चार तास आधी पुरतं, टायमर मिळतो तो घे म्हणजे वीजही वाचते. बॅटरी मात्र आत्ताच तपासून घे आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस. पुढच्या वेळी घर भाड्याने बघशील तेव्हा पार्किंगला प्लग आहे का आणि तो चालू आहे का, हे सही करायच्या आधी विचार.