सीट काढलीस, आता एअरबॅगचा दिवा जाईना?

अरे, पावसात भिजलेलं कार्पेट वाळवायला सीट काढलीस हे बरोबरच केलंस. रत्नागिरीत जुलैमध्ये ते काम दुसऱ्या कोणी केलं असतं तर निम्मं ओलंच राहिलं असतं. चुकलं ते पुढे. सीटखालचा एअरबॅगच्या वायरीचा पिवळा कनेक्टर सुटा असताना तू चावी फिरवलीस ना? काचा वर करायला फिरवतात सगळे, मीही फिरवली होती. तेवढ्यात गाडीने तो बिघाड नोंदवून ठेवला. आता कनेक्टर लावलास तरी बहुतेक गाड्यांत ती नोंद आपोआप पुसली जात नाही.

आधी चावी बंद कर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढ आणि दहा मिनिटं चहा घे. मगच पिवळ्या वायरीला हात लाव. तिच्यात मल्टिमीटर अजिबात खुपसू नकोस. तेवढ्याशा करंटनेही एअरबॅग किंवा बेल्टचा प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) उडू शकतो. पिनांवर हिरवट थर दिसतोय का बघ. आपल्याकडची खारी हवा तांब्याला सोडत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मार, वाळू दे, कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाब.

मग ती बिघाडाची नोंद, म्हणजे कोड, पुसायला एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लागेल. स्वस्तातले फक्त इंजिनचे वाचतात. पुसूनही दिवा परत आला तर सरळ गॅरेज गाठ. तोपर्यंत घाटात जपून, दिवा पेटलेला असताना एअरबॅग उघडेलच असं धरून चालू नकोस. आणि दिव्यावर चिकटपट्टी लावायचा सल्ला देणारा भेटेलच, त्याला चहासुद्धा पाजू नकोस.