लेक रोज संध्याकाळी बाहेर असते, गावाकडच्या आजीला काय सांगावे?

लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सप्टेंबरअखेर लंडनच्या एका विद्यापीठात दाखल झाली असून वसतिगृहाच्या एका मजल्यावर पाच अनोळखी मुलामुलींबरोबर एकच स्वयंपाकघर वापरते. पत्रात तिचा एक आठवडा मांडला आहे: सोमवारी नृत्यमंडळाचा सराव, मंगळवारी चित्रपट, बुधवारी बॅडमिंटन आणि मग सगळ्या संघाचे जेवण, गुरुवारी मजल्यावरच्या कुणाचा तरी वाढदिवस, शुक्रवारी कॉफीच्या दुकानात कामाची पाळी, शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर भटकंती आणि रविवारी दुपारपर्यंत झोप. ताई स्वतः फारशा घाबरलेल्या नाहीत. धसका घेतला आहे तो दिग्रस तालुक्यातल्या गावी राहणाऱ्या त्यांच्या सासूबाईंनी, कारण पुतण्याच्या मोबाईलवर नातीचे स्टेटस सगळी भावकी पाहते, आणि त्यातल्या कुणीतरी म्हणून टाकले, "पोट्टी लंडनले शिकाले गेली का नाचाले?"

आमच्या भागातल्या गावांत हे स्टेटस पाहणे कसे चालते, हे परदेशातल्या मुलांना बहुधा माहीत नसते. जिथे रेंज नीट मिळते तिथे, म्हणजे कुणाच्या ओट्यावर नाही तर पाण्याच्या टाकीजवळ, एकाच्या हातात मोबाईल आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारी चार माणसे, असा तो प्रकार असतो. फोटो दोन बोटांनी मोठा केला जातो, पेल्यात काय आहे यावर मते दिली जातात, शेजारी उभा असलेला मुलगा कोण याची चौकशी होते, आणि घरी आजीपर्यंत पोचते ते फोटोपेक्षा बरेच जास्त असते. शिवाय स्टेटसवर फक्त संध्याकाळच येते. सकाळी नऊच्या तासाला झोपाळलेल्या डोळ्यांनी बसल्याचा, कपडे धुण्याच्या यंत्रापुढे वही घेऊन वाट पाहत असल्याचा किंवा ग्रंथालयात उतारे काढत असल्याचा फोटो कोणी टाकत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की दिवस असा हिला नसतोच.

ताई, आधी अभ्यासाचे पाहू, कारण आपल्या पत्रात 'आठवड्याला जेमतेम बारा तास वर्ग असतात' असे एक वाक्य आहे आणि काळजीचे मूळ मला तिथे दिसते. इंग्लंडच्या पदवी अभ्यासक्रमात पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या एका वर्षाला साधारणपणे १२० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचे काम धरलेले असते, म्हणजे वर्षाला १,२०० तास. हे तास शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या आठवड्यांवर पसरले, तर आठवड्याला चाळीसच्या आसपास भरतात. त्यातले बारा वर्गात जातात आणि उरलेले तिने स्वतः बसून करायचे असतात. वेळापत्रकात हे तास छापलेले नसल्याने आईबापांना ते दिसत नाहीत, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षाच्या पुष्कळ मुलांनाही दिसत नाहीत. म्हणून 'रोज बाहेर का जातेस' असे न विचारता 'स्वतःच्या वाचनाला कुठल्या दिवशी बसतेस' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ती 'नाही ग आई, रोज कुठे' म्हणून मोकळी होईल. दुसऱ्याला मात्र तिला विचार करून उत्तर द्यावे लागेल. बुधवारच्या बॅडमिंटनची काळजी तर सोडूनच द्यावी, कारण तिथली अनेक विद्यापीठे बुधवारची दुपार खेळांसाठी मुद्दाम मोकळी ठेवतात. तास बुडवून ती खेळायला जाते, असा अर्थ त्यातून काढू नये.

सत्राचे पहिले आठवडे असेच गजबजलेले असतात. कोणीच कोणाला ओळखत नसते, एकटे पडण्याची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून मुले येईल त्या आमंत्रणाला हो म्हणतात आणि सहा मंडळांत नाव नोंदवून बसतात. पहिले निबंध द्यायची वेळ आली की त्यातली चार आपोआप गळतात. आपण लेस्टरमधून त्यातली नावे खोडायला गेलात तर जे राहायला हवे होते तेच गळण्याची शक्यता अधिक.

आता आजींबद्दल. आपल्या सासूबाईंचे माहेरही वऱ्हाडातलेच असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणजे त्यांनी लहानपणी भुलाबाईची गाणी म्हटली असणारच. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुलींचा घोळका एका घरून दुसऱ्या घरी जायचा, गाणी व्हायची, मग डबा वाजवून आत खाऊ काय आहे ते ओळखायचे, आणि अंधार पडल्यावरही दोन घरे उरलेलीच असायची. पोरी महिनाभर घराबाहेर असतात म्हणून कोणाच्या पोटात गोळा येत नसे, कारण आज घोळका कोणाच्या ओट्यावर आहे हे गावाला ठाऊक असे आणि एखादी पोर दिसली नाही तर ती का आली नाही, हे विचारायला दहा तोंडे असत. नातीच्या संध्याकाळी जवळपास तेवढ्याच आहेत. आजींना खुपते ते एवढेच, की त्या संध्याकाळी कोणाच्या ओट्यावर जातात हे त्यांना कळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, आजींना खुलासे देत बसू नये, ओळखी करून द्याव्यात. मजल्यावरच्या त्या पाचही मुलामुलींना एकेकदा कॅमेऱ्यासमोर आणावे, त्यांची नावे, कोण कुठल्या गावचे, कोणाचे आईवडील काय करतात, हे नातीने आपल्या तोंडाने सांगावे. आजींना ही नावे आठवडाभरात पाठ होतील आणि पुढच्या वेळी त्याच विचारतील की त्या तापाने पडलेल्या पोरीचे काय झाले. भावकीची गोष्ट वेगळी. स्टेटस कोणाला दिसावे आणि कोणाला नाही हे ठरवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे आणि ती वापरण्यात काहीही गैर नाही. दूरच्या काकांना नातीचा शनिवार दाखवण्याचे बंधन कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मात्र आजींपासून लपवायला मुलीला शिकवू नये. एकदा खोटे सांगण्याची सवय लागली की आज आजी, उद्या आपण.

फोनच्या वेळेचा घोळही पत्रातून दिसतो. गावात रात्री आठला जेवणे उरकून आजी मोबाईल घेऊन बसतात तेव्हा लंडनला ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत दुपारचे साडेतीन आणि त्यानंतर अडीच वाजलेले असतात, आणि नात वर्गात किंवा सरावात असते. ती रात्री दहाला मोकळी होते तेव्हा गाव गाढ झोपलेले असते. मग 'पोरगी फोनच उचलत नाही' हा निष्कर्ष निघतो. रविवारी उठल्यावर, तिच्याकडचे अकरा वाजले असताना, तिने स्वतः फोन करावा. गावात तेव्हा दुपारचे साडेतीन, घड्याळ बदलल्यावर साडेचार वाजलेले असतील. कापसाची वेचणी सुरू असली तरी रविवारी त्या वेळी आजी घरी भेटतील असे आपल्या दिरांना सांगून ठेवावे.

शनिवार रात्रीबद्दल आपण आडवळणाने विचारले आहे, मी सरळ उत्तर देतो. तिथे अठराव्या वर्षी मद्य घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि ती घेते की नाही हे आपल्याला तिच्याशिवाय कोणी सांगणार नाही. घ्यावे की घेऊ नये यावर आपले मत एकदा स्पष्ट सांगावे, पुन्हा पुन्हा उगाळू नये. त्याहून उपयोगाचा प्रश्न, 'परत कशी येणार?' शुक्रवारी आणि शनिवारी लंडनच्या काही भुयारी मार्गांवर गाड्या रात्रभर धावतात. इतर दिवशी मध्यरात्रीनंतर त्या थांबतात आणि रात्रीच्या बसवर विसंबावे लागते. कोणाबरोबर परतायचे हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे, मोबाईल चार्ज केलेला असावा आणि टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवलेले असावेत, एवढे तिच्याकडून कबूल करून घ्यावे.

खरी काळजी कशाची करावी, हेही सांगतो. दर आठवड्याला नवीच नावे कानावर येतात आणि जुनी कुठे गेली ते कळत नाही. जायची इच्छा नसताना ती जाते. सकाळचे तास सलग बुडतात. महिन्याच्या मध्यालाच पैसे मागते. यातले दोन-तीन प्रकार एकदम दिसू लागले तर आगगाडी पकडून तिला भेटायला जावे. विद्यापीठाला फोन करून काही हाती लागणार नाही, कारण अठरा वर्षांपुढील विद्यार्थ्याची हजेरी किंवा गुण त्याच्या संमतीवाचून ते पालकांना सांगत नाहीत.

'सगळ्यांसाठी वेळ आहे, फक्त महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी नाही' ही आपली तक्रार मला समजते. लंडनचे मंडळ १९३२ पासून चालू आहे, ते तिची आणखी एक वर्ष वाट पाहू शकेल. भरलेल्या आठवड्यात तालमी कोंबण्यापेक्षा दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी तिला मजल्यावरच्या दोघा-तिघांसह लेस्टरला जेवायला बोलवावे आणि सांभारवडी तळावी.

शेवटी डिसेंबर. आपण तीन आठवडे गावी येणार, आणि नववर्षाच्या रात्री मैत्रिणींबरोबर असावे म्हणून लेक आठवडाभर आधी परतू पाहते, यावरून घरात अबोला धरला गेला आहे. तिला परत जाऊ द्यावे. जानेवारीत निबंध किंवा परीक्षा असेल तर तसेही लवकर परतलेले बरे. पण नागपूरला उतरल्यावर यवतमाळपर्यंतच सुमारे १५० किलोमीटर अंतर आहे, तिथून पुढे दिग्रस, म्हणजे येण्याजाण्यात तिचे दिवस जाणारच. तेव्हा तिच्या वाट्याच्या दिवसांत अमरावतीची आत्या, अकोल्याचे मामा आणि वर्ध्याचे साखरपुडे बसवू नयेत. ती भेटीगाठीची यादी ती गेल्यावर आपण उभयतांनी पुरी करावी. तिचे परतीचे तिकीट आत्ताच काढावे आणि ती तारीख आजींना भावकीकडून कळण्याआधी तिनेच फोनवर सांगावी.