ओसाकात तीन दिवस, चौघे मित्र, त्यातले दोघे शाकाहारी: काय पाहावं, काय खावं?

तुम्ही विचारलंय की चौघांना ओसाकात तीन दिवस फिरायचंही आहे आणि खायचंही, पण दोघे मांस-मासे खात नाहीत, तर कसं जमवावं. जमतं. फक्त आखणी खाण्यापासून सुरू करा, बघायच्या जागा त्याच्या अवतीभवती आपोआप बसतात.

मुक्काम नाम्बा या गजबजलेल्या भागात ठेवा. कान्साय विमानतळावरून नान्काई या खासगी रेल्वेची एअरपोर्ट एक्सप्रेस थेट नाम्बाला आणते, 970 येन, साधारण पाऊण तास. उमेदा हा भागही मध्यवर्ती आहे, पण जेआरचं (जपान रेल्वेचं) ‘ओसाका’ आणि मेट्रोचं ‘उमेदा’ ही एकाच जागेची दोन नावं, शिवाय हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा ही निराळी स्टेशनं. तिथल्या भुयारी वाटांत चौघांची चुकामूक ठरलेली. तिकडे भेटायचं असेल तर एक्झिटचा नंबर ठरवूनच निघा.

आता मुख्य अडचण. मांस टाळणं सोपं आहे, ‘दाशी’ टाळणं अवघड. दाशी म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे सुकवून धुरावलेल्या कात्सुओ माशाचे कीस, यांचं पातळ सार. उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, मिसो सूप, ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्याचं पीठ, टेम्पुरा भज्यांसोबतची चटणी, इनारी सुशीतल्या तळलेल्या तोफूचा गोडसर रस, सगळीकडे ते असतं. ‘मी व्हेजिटेरियन’ म्हटलं की वेटर मांस काढतो आणि रस्सा तसाच ठेवतो. त्यात त्याची लबाडी नसते, त्याच्या लेखी दाशी म्हणजे पाण्यासारखीच. अ‍ॅलर्जीचा तक्ता मागूनही उपयोग नाही, कारण सक्तीच्या यादीत कोळंबी आणि खेकडा आहेत, कात्सुओ नाही. म्हणून नेमकं विचारा: ‘कात्सुओ नो दाशि वा हाइत्ते इमासु का?’ (यात कात्सुओची दाशी आहे का?) हेच वाक्य जपानी लिपीत फोनवर तयार ठेवून दाखवलं तर आणखी बरं.

त्या दोघांना बिनधोक: काकडीचं कप्पामाकी (सुशी रोल), मीठ लावलेले एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), साधा भात, कन्व्हीनियन्स स्टोअरमधला ‘शिओ मुसुबी’ (नुसत्या मिठाचा भाताचा गोळा), भाजलेलं रताळं, लाल घेवड्याच्या गोड सारणाचं दाइफुकु (चिकट तांदळाचा मऊ गोळा). गार तोफू मागवताना ‘कात्सुओबुशि नुकि दे’ (कात्सुओबुशी नको) म्हणा, नाहीतर वर कीस भुरभुरून येतो. रात्रीच्या जेवणासाठी मात्र रोज एक ‘बीगन’ (व्हीगनचा जपानी उच्चार) किंवा भारतीय हॉटेल आधीच हेरून ठेवा. भूक लागल्यावर शोधायला निघालात तर चौघांचीही चिडचिड होते.

ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले पिठाचे गोळे, दोतोन्बोरी या कालव्याकाठच्या खाऊगल्लीत खा, पण आधी ती होताना बघा. आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांचा तवा, पण पीठ आप्प्यांपेक्षा खूप पातळ. ते खळगे भरून वर वाहेपर्यंत ओततात, प्रत्येकात ऑक्टोपसचा तुकडा टाकतात आणि सुईने गोळा पाव फेरी वळवून बाहेर सांडलेलं पीठ आत ढकलतात. अशा दोन-तीन वळणांत गोल पुरा होतो: वरून खमंग, आतून जवळपास वाहतं. ते वाहतं पीठच जीभ भाजतं. अख्खा गोळा तोंडात टाकू नका, काडीने फोडून वाफ जाऊ द्या. चौघांत आठांची एक प्लेट पुरे, कारण पुढे अजून खायचंय.

ओकोनोमियाकी गरम तव्याच्या टेबलावर येते. तिचा जीव कोबीत असतो. उलथण्याने दाबू नका, दाबली की कोबीची वाफ निघून जाते आणि ती चिवट होते. कुशिकात्सु, म्हणजे काडीला टोचून तळलेले तुकडे, खायला शिन्सेकाई भागात, त्सुतेन्काकु मनोऱ्याच्या पायथ्याशी जा. सॉसचं भांडं सामाईक असेल तर काडी एकदाच बुडवायची, उष्टी परत नाही. सॉस कमी पडला तर मोफत मिळणाऱ्या कोबीच्या पानाने तो उचलून घ्या. कमळकाकडी, भोपळा आणि शिताके मशरूम यांच्या काड्या मिळतात, पण तेल मांसाबरोबर एकच असतं आणि काही ठिकाणी ते चरबीचं असतं. तुमच्या दोघांना हे आधीच सांगा.

इझाकायात, म्हणजे जपानी दारूखान्यात, बसलात की न मागता एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात माणशी काहीशे येन लागतात. ही फसवणूक नाही, तिला इथे ‘त्सुकिदाशी’ म्हणतात. टिप द्यायची नसते. काउंटरच्या दुकानांत आठ-दहाच खुर्च्या असतात, तेव्हा दोन-दोन करून बसायची तयारी ठेवा.

बघण्याचं थोडक्यात. कुरोमोन बाजार सकाळी, कारण संध्याकाळी पाचच्या सुमारास बरीच दुकानं मिटतात. ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतला दिव्यांचा धावपटू अंधार पडल्यावर, एबिसु पुलावरून. तिथून पाच मिनिटांवर होझेन्जी मंदिराची बोळ आहे. पाणी घालून घालून शेवाळलेली फुदो या बौद्ध देवतेची मूर्ती तिथे बघाच, गर्दीतून अचानक शांतता मिळते. ओसाकाच्या किल्ल्याचा बुरूज 1931चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट आहे. तो बघून हिरमोड होऊ देऊ नका, खरी चीज आहे तटबंदी. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाचा किल्ला जमिनीखाली गाडून त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या तोकुगाव घराण्याने 1620च्या दशकात ती नव्याने रचली. साकुरामोन दरवाजापाशी ‘ताको-इशी’ हा एकच दगड सुमारे 108 टनांचा मानतात. तिथे अर्धा तास द्या.

घरून मॅगीसाठी किटली नेणार असाल तर राहू द्या. जपानमध्ये 100 व्होल्ट वीज आहे, 230 व्होल्टची किटली तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाच्या ताकदीने चालते आणि पाणी उकळायला फार वेळ लागतो. बहुतेक हॉटेलांच्या खोलीत किटली असतेच. फोनचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.

परतताना जेआरने विमानतळ गाठणार असाल तर डबा बघून चढा. बऱ्याच गाड्या हिनेनो स्टेशनात दोन भागांत तुटतात: 1 ते 4 डबे विमानतळाला, 5 ते 8 वाकायामाला. चौघे घाईत वेगवेगळ्या दारांतून शिरलात तर दोघे भलत्याच गावी पोचतील.