गोळ्या का राहिल्या, ते विचार

प्रिय डॉक्टर,

तुझी टिपणं वाचली. तपासण्या, डोस, सगळं चोख. पण अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या जुनाट आजाराच्या) त्या तरुणीबद्दल ‘औषधं नियमित घेत नाही’ एवढंच लिहून तू लगेच वरच्या, जास्त तीव्र औषधाचा विचार सुरू केलास. का घेत नाही, हे कागदावर कुठेच नाही.

आजार शांत झाला की मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं नेहमीचं औषध, पेशंटकडून सुटतं, हे तू शिकला आहेसच. २००३च्या एका अभ्यासात गोळ्या चुकवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त दिसला होता. पण हा आकडा तोंडावर फेकून कुणी गोळ्या घ्यायला लागत नाही.

बायकांची कारणं बहुधा विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. रात्री घ्यायचा एनिमा पाळीच्या दिवसांत नकोसा होतो, मग महिनाभर राहून जातो. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, म्हणून ती गोळी एकदम बंद होते, आणि ते तर धोक्याचंच. पाळीत जुलाब वाढले की ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटतं. अनेकींना त्या दिवसांत तसं होतं, आजार उलटलेला नसतानाही. शंका असेल तर शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, बघ.

सगळ्यात मोठं कारण मात्र मूल. ‘एवढी जड औषधं, बाळाला काही झालं तर?’ असं कुणीतरी म्हणतं आणि गोळ्या गुपचूप बंद होतात. खरं तर बाळाला जास्त धोका चाळवलेल्या आजाराचा. तशा अवस्थेत दिवस राहिले, तर सुमारे दोन-तृतीयांश जणींचा आजार गरोदरपणात तसाच राहतो किंवा वाढतो. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही वाढतात. म्हणून निदान तीन महिने, जमल्यास सहा, आजार शांत राहू दे आणि मग मूल, असं स्पष्ट सांग. मेसालामाइन, तसंच प्रतिकारशक्ती आवरणारी अझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब ही औषधं सहसा चालूच ठेवतात. मेसालामाइनच्याच गटातलं सल्फासालाझिन असेल तर फॉलिक ॲसिड वाढवून दे. इन्फ्लिक्सिमॅब शेवटच्या महिन्यांत बाळापर्यंत पोचतं, तेव्हा बाळाला जिवंत लसी (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या) कधी द्यायच्या हे बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून घे.

‘घेतेस ना वेळेवर?’ असं विचारलंस तर ‘हो’च येईल. ‘गेल्या आठवड्यात किती राहिल्या?’ असं विचार, आणि तेही सोबतची माणसं बाहेर बसवून. तुला संकोच वाटेल, मलाही सुरुवातीला वाटायचा. पण डॉक्टरच अवघडला तर ती काय बोलणार?

प्रतिकारशक्ती आवरणाऱ्याच मेथोट्रेक्सेट या औषधाची गोष्ट वेगळी. गर्भाला ते घातक आहे आणि दिवस राहण्याआधी काही महिने थांबवावं लागतं. त्या औषधावर असलेल्या प्रत्येकीशी गर्भनिरोधनाबद्दल बोल. लग्न झालेलं नाही म्हणून तो प्रश्न गाळू नकोस.