वाचकांचे प्रश्न : यमूनं बंड का नाही केलं?

प्रश्न : आमच्या वाचन ग्रुपमध्ये यावेळी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घेतली होती. निम्म्या जणांचं म्हणणं, यमू नुसती सोसत राहते, तिला कसलं धीट म्हणायचं, खरा हिरो तिचा नवरा रघुनाथराव. मला पटलं नाही पण त्यावेळी काही बोलताच आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : रघुनाथराव चांगलाच माणूस, वादच नाही, बायकोनं शिकावं असं वाटणारा. पण त्याचं धाडस फुलतं ते मुंबईत, स्वतंत्र बिऱ्हाडात, जिथं उठताबसता डोळे वटारणारं कुणी नाही. यमूच्या नशिबी ती सोय थोडेच दिवस. तो वारल्यावर ती परत सासरच्यांच्या ताब्यात आणि शंकरमामंजी तिचं जबरदस्तीनं केशवपन करवतात.

आता बंड करून ती जाणार कुठं, सांगा ना! विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण कागदावर. पंडिता रमाबाईंचं शारदासदन, विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं, १८९० मध्ये पुण्यात आलं खरं, पण सोवळ्यातल्या घरातून तिथवर पोचायचं कसं? आणि धोंडो केशव कर्व्यांनी तिथल्याच विधवा गोदूबाईंशी १८९३ मध्ये लग्न केलं तर त्यांच्याच गावच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, म्हणजे फर्ग्युसनमधल्या कमावत्या प्रोफेसरची ही गत, मग हातात पैसा नसलेल्या पोरीचं काय झालं असतं याचा विचार तुमच्या त्या निम्म्या लोकांनी जरा करावा.

मला यमूचं धैर्य दिसतं ते सांगण्यात. अख्खी कादंबरी ती स्वतः 'मी' म्हणून सांगते, घरातल्या मोठ्या माणसांनी काय काय केलं ते आडपडदा न ठेवता, आणि आपण कुठं घाबरलो तेही. मैत्रीण दुर्गीचे नवऱ्यापायी झालेले हालसुद्धा तीच आपल्यापर्यंत आणते. त्या काळी घरातलं असलं काही उंबऱ्याबाहेर काढणं हेच केवढं मोठं पाप! (आपट्यांचंही कौतुक वाटतं हं, पंचविशी नुकतीच ओलांडलेला पुरुष बाईच्या आवाजात लिहितो आणि स्वतःच्याच 'करमणूक' साप्ताहिकात छापतो, ते पण पुण्यात, जिथं वाचणाऱ्या कित्येक घरांत असल्या यमू असणार.)

प्रश्न : भाषा जुनी आहे, मुलीला झेपेल का? ती अकरावीत आहे.
— सदाशिव पेठ

उत्तर : झेपेल. सुरुवातीचं बालपण जरा रेंगाळतं, पण भाषा बोलीतलीच आहे, गप्पा मारल्यासारखी. संक्षिप्त आवृत्ती मात्र नको, त्यात बारीकसारीक घरगुती बोलणी उडतात आणि मजा त्यातच आहे. केशवपनाचा भाग आला की तिला एकटीला वाचू देऊ नका, सोबत वाचा.