सगळं नीट आहे, तरी मी चिडलेलाच

"मॅडम, तसं बघायला गेलं तर काहीच प्रॉब्लेम नाही."

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीची सुरुवात या वाक्याने झाली की पुढे काय येणार, याचा मला आता बऱ्यापैकी अंदाज असतो. समोर बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतले आई किंवा बाबा असतात. मुलं धडधाकट, जोडीदार समजूतदार, नोकरी बरी चाललेली. हे सगळं सांगून झालं की थोडा वेळ जातो आणि मग मूळ मुद्दा बाहेर पडतो. "पण आनंद असा वाटतच नाही. मी कृतघ्न आहे का हो?" आया हे विचारताना रडतात, बाबा उगीच हसतात. प्रश्न तोच असतो आणि तो मी इतक्यांदा ऐकला आहे, की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांना इथे नुसतं 'बाबा' म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं दोन-चार प्रसंगांत आणलं आहे. बाबांना दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. बाबांचं स्वतःचं लहानपण ओढाताणीत गेलेलं. त्यामुळे आज जे आहे ते किती आहे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की दहाव्या मिनिटाला ते कुणावर तरी खेकसलेले असायचे. आणि रात्री मुलं झोपली की स्वतःवर.

येताना ते एक वही घेऊन आले होते. रोज झोपण्यापूर्वी पाच चांगल्या गोष्टी लिहा, मन आनंदी होईल, असं कुठेतरी ऐकून त्यांनी लिहायला सुरुवात केली होती. कित्येक महिने, एकही दिवस न चुकता. मी म्हटलं, "थोडं वाचून दाखवता?"

"घर. तब्येत. बायको. मुलं. नोकरी." पान उलटलं. "घर. तब्येत. मुलं. बायको. नोकरी."

हा शाळेतला हजेरीपट झाला होता. नाव पुकारायचं, 'हजर' ऐकायचं, पुढे सरकायचं.

"लिहिताना काय वाटतं?"

"खरं सांगू? राग येतो. स्वतःचाच. एवढं सगळं लिहिलंय आणि आत काही हलत नाही."

इथे जरा थांबते, कारण बाबांच्या त्रासाची गाठ या उत्तरात आहे. माझी कामाची पद्धत विवेकनिष्ठ विचारसरणीकडे, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचे आपले हट्टी विचार जास्त त्रास देतात असं मानणाऱ्या उपचारपद्धतीकडे झुकणारी आहे आणि त्याबद्दल मला संकोच नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास तिची मांडणी सुरू केली. त्यातलं एक निरीक्षण मला रोज उपयोगी पडतं. माणूस आधी एखाद्या गोष्टीने त्रासतो आणि मग 'मला त्रास होतोच कसा' म्हणून दुसऱ्यांदा त्रासतो. दिवसभर काम करून दमलेल्या बापाला संध्याकाळी गोंगाट नकोसा होणं, हा पहिला त्रास. तो साधा आहे, थोडी विश्रांती मिळाली तर बराचसा ओसरतो. पण 'एवढं मिळालंय, तेव्हा मला कृतज्ञ वाटलंच पाहिजे' हा हट्ट धरला की दुसरा सुरू होतो आणि तो विश्रांतीने जात नाही. भावना हुकमावर येत नाहीत. बोलावूनही आली नाही की आपण स्वतःवर नालायकपणाचा शिक्का मारतो, आणि असा शिक्का बसलेल्या माणसाला मुलाचं हसू दिसलं तरी ते आत पोचत नाही.

एक गोष्ट मात्र मी अशा प्रत्येक माणसाच्या बाबतीत आधी तपासते आणि वाचणाऱ्यांनीही तपासावी. सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, थकवा हटत नसेल, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत असेल, तर हा कृतज्ञतेचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, आणि जगणंच नको वाटत असेल तर त्याच दिवशी जावं. अशा माणसाला 'तुझ्याकडे काय काय आहे ते बघ' म्हणणं क्रूरपणा आहे. नवी आई असेल तर घरच्यांनी याकडे दुप्पट लक्ष द्यावं. बाळ गोड आहे म्हणून आईला बरं वाटतच असेल, हे गृहीत धरू नये.

बाबांना तसं काही नव्हतं. मित्रांमध्ये ते खुलायचे, झोप लागायची, मुलीला गणित शिकवताना रमायचे. मी त्यांना वही बंद करायला सांगितली. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "पण मॅडम, याच्यावर संशोधन झालंय ना?"

झालं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांचा २००३ सालचा अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी लिहिणारे लोक, कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. पण त्यानंतर झालेल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर हा फायदा माफकच आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजचं झालं की त्यातला जीव जातो, हे बाबांच्या वहीने मला निराळ्या पुराव्याशिवायही दाखवलं होतं.

"मग मी काय करू?"

"चांगलं काही शोधू नका. सकाळी घरातून निघेपर्यंत काय काय घडतं, तेवढं मला सांगा. जसंच्या तसं. तक्रारी असल्या तरी चालतील."

तक्रारी म्हटल्यावर बाबा मोकळे झाले. मुलीची वेणी, हरवलेली वही, बाथरूमसाठीची रांग. मग मुलाच्या बुटांवर गाडी आली. "रोज दहा मिनिटं जातात. मी खाली बसतो, तो माझ्यासमोर उभा राहतो. डावा पाय मागितला की उजवा पुढे करतो. आणि एक पाय उचलला की तोल जातो त्याचा, मग हात ठेवतो माझ्या डोक्यावर. नुकताच विंचरलेला भांग असतो. हात कधी ओला, कधी कसला तरी चिकट. वर कुठेतरी बघत गाणं म्हणत असतो, ही सगळी गडबड आपल्यासाठी चाललीय याचा पत्ताच नाही. मी ओरडतो, हात काढ म्हणून. काढतो आणि परत ठेवतो."

हे सगळं ते वैतागून सांगत होते. पण सांगताना त्यांचा स्वतःचा हात नकळत डोक्यावर गेला होता. बरोबर त्याच जागी. मी काहीच बोलले नाही. आमच्या कामात प्रश्न कुठला विचारायचा यापेक्षा कधी विचारायचा हे शिकायला जास्त वर्षं लागतात, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं म्हणायला हरकत नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "उद्यापासून तो बूट स्वतःचे स्वतः घालायला लागला तर?"

"फारच उत्तम! दहा मिनिटं वाचतील." हे झटक्यात आलं. मग ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही... म्हणजे शिकू दे. पण इतक्यात नको."

"का?"

"तो हात ठेवतो ना, तो विचार करून ठेवत नाही. मी तिथे असणारच, हे त्याने धरलेलंच असतं." आणि मग, अगदी हळू, "माझं डोकं असं कुणासाठी गृहीत धरलेलं आहे, हे बरं वाटतंय."

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं. बाबांकडे कृतज्ञता नव्हती असं नाही. ती त्यांच्या तक्रारीतच बसली होती. वहीत ते 'मुलं' असा एक शब्द लिहीत होते, आणि त्या शब्दात ना ओला हात होता, ना गाणं, ना चुकीचा पाय. मोठ्या शब्दांवर मन भरून येत नाही. ते भरून यायला तपशील लागतो. आणि पालकांच्या दिवसात जिथे तपशील दाटीवाटीने असतात, त्याच जागा नेमक्या कटकटीच्याही असतात. म्हणून आता मी आई-बाबांना चांगल्या गोष्टींची यादी करायला सांगत नाही. रोजच्या कटकटींपैकी एक घ्या म्हणते, आणि ती बारकाईने सांगा. दर वेळी तिच्यात काही सापडतं असं नाही. काही कटकटी नुसत्याच कटकटी असतात, त्या सोडवायच्या आणि पुढे जायचं. पण सापडतं, तेव्हा ते खरं असतं.

'उद्यापासून हे नसेल तर' या प्रश्नालाही आधार आहे. २००८ साली मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना, आपली जोडीदाराशी गाठ पडली कशी, हे लिहायला सांगितलं आणि काहींना, ती पडलीच नसती ती कशी, हे लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाचं समाधान जास्त वाढलं. सवयीने जी गोष्ट दिसेनाशी होते, ती क्षणभर बाजूला काढली की पुन्हा दिसते. यात एक पथ्य मात्र पाळा. मुलांना काही झालं तर, आजारपण आलं तर, असल्या कल्पना करायच्या नाहीत. आधीच काळजीखोर असलेल्या आयांनी तर मुळीच नाही. 'त्याला बूट घालता यायला लागले तर' इतकंच पुरतं.

नंतरच्या एका भेटीला बाबा पत्नीला घेऊन आले. मी त्यांना विचारलं, वहीत रोज तुमचं नाव असायचं हे माहीत होतं का?

"माझं?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "मला तर वाटायचं, यांना घरातलं काहीच आवडत नाही."

महिनोन्‌महिने कृतज्ञता लिहिणाऱ्या माणसाने ती जिच्याबद्दल होती तिला एकदाही सांगितली नव्हती. का, तर "ओशाळल्यासारखं होतं, आणि तिला माहीत असणारच." हे दोन्ही अंदाज आपण सगळेच बांधतो आणि दोन्ही चुकतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावून हेच तपासलं. समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी जास्त बांधला होता, आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. 'थँक यू, तू आहेस म्हणून' वगैरे म्हणायची काही गरज नाही, ते मलाही कृत्रिम वाटतं. "काल मला उशीर झाला आणि तू दोघांना झोपवलंस, मी आलो तेव्हा घर शांत होतं. फार बरं वाटलं." कोणी, काय, आणि त्याने मला काय झालं. बस.

त्या भेटीत आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची होती. पत्नी म्हणाल्या, "हे ऑफिसात कधी नाही म्हणत नाहीत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन." बाबांचं उत्तर तयार होतं. "नोकरी आहे हेच नशीब. तक्रार कसली करायची?" म्हणजे कृतज्ञतेने त्यांनी स्वतःचंच तोंड बंद केलं होतं, आणि कोंडलेला राग घरी पाच वर्षांच्या मुलावर निघत होता. असं मी आयांमध्ये तर फारच बघते. 'मिळालंय ते कमी आहे का' म्हणत मदत मागायचीच नाही, आणि मग भांड्यांची आदळआपट. नोकरीबद्दल समाधान असणं आणि रात्री नऊनंतर फोन न घेणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात. बाबांनी फोनचं साहेबांशी बोलून ठरवलं. संध्याकाळच्या खेकसण्यातला मोठा हिस्सा त्याने कमी झाला, वहीने नव्हे.

मुलांबद्दल थोडं. "तुम्हाला कशाची किंमत नाही, आमच्या वेळी..." हे वाक्य बाबांच्या तोंडी सतत असायचं. त्यातून मुलं फक्त दोन गोष्टी शिकतात, अपराधी वाटून घ्यायला आणि ऐकू न आल्यासारखं करायला. दुसऱ्यांच्या हलाखीकडे बोट दाखवून शिकवलेली कृतज्ञताही टिकत नाही. मुलं जे कानावर पडतं ते उचलतात. बाबा पत्नीला नेमकं काय आवडलं ते सांगायला लागले, तेव्हा मुलीने एकदा भावाला सुनावलं, "तू माझा खोडरबर परत आणून दिलास, मला बरं वाटलं." हे मला सांगताना बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. माझाही असावा.

बुटांची दहा मिनिटं आता ते घड्याळात धरून चालतात, म्हणजे सगळे तेवढे लवकर उठतात. 'आमच्या वेळी' अजूनही अधूनमधून निसटतं. ते कुठून आलं, हेही हळूहळू कळलं. बाबांच्या वडिलांना, 'तुमच्यासाठी मी काय काय केलं' याची उजळणी करायची सवय होती. आभार मानायचे म्हणजे फेड करायची आणि ती कधी पुरी होत नाही, हे बाबा तिथे शिकले. वडील आज थकले आहेत, मुलाकडेच राहतात. त्यांना काही सांगायचं राहून गेलंय, असं बाबा मागच्या वेळी म्हणाले. पण पत्नीशी बोलणं सोपं होतं, हे नाही. तोंड उघडलं की आधी हिशेबच बाहेर येईल, अशी त्यांना भीती वाटते. येऊ दे, म्हटलं, आधी इथे येऊ दे. त्यासाठी त्यांनी पुढची वेळ घेतली आहे.