शाळेत काढलेला रॉक बँड तीस वर्षांनी परत जमवता येतो का? कुणी केलंय का असं?

हो, केलंय. फार भारी झालं असं म्हणणार नाही, पण केलंय. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पाचातले चार तयार आहेत आणि "पाचव्याचं काय ते नंतर बघू", त्या वाक्यावर मी अडकलो म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचणारा माणूस.

आमचा बँड डोंबिवलीचा. १९८७, दहावीचं वर्ष, मराठी माध्यम. लीड गिटारवाल्याचा मामा बोटीवर होता, तो येताना कॅसेटी आणायचा, डीप पर्पल, लेड झेपलिन, स्कॉर्पियन्स वगैरे. त्या आम्ही डबल डेकवर कॉपी करून टेप झिजेपर्यंत ऐकायचो. गाण्यांचे शब्द कुठे मिळणार तेव्हा, मग आमचा गायक एक ओळ ऐकायचा, स्टॉप, रिवाइंड, परत ऐकायचा आणि दोनशे पानी वहीत देवनागरीत लिहायचा. जे ऐकू आलं ते. अर्थबिर्थ काही नाही. एका गाण्याच्या तिसऱ्या ओळीत तर स्पष्ट "भाकरी" असा शब्द होता आणि आम्हा चौघांना त्यात काहीही वावगं वाटत नव्हतं.

सामान काय होतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. गिटार कलकत्त्याची गिव्हसन. वर्गातला एकजण नाव वाचून आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की यांच्याकडे गिब्सन, म्हणजे ती नामी अमेरिकन गिटार, आहे, आम्हीही दुरुस्त केलं नाही. तारा एवढ्या वर होत्या की खालून पेन्सिल सरकली असती, बोटांची सालं निघायची. लॅमिंग्टन रोडवरून एक पिकअप, म्हणजे तारांचा आवाज अँपपर्यंत नेणारा तुकडा, आणला होता तो गिटारच्या भोकाला सेलोटेपने चिकटवलेला. अँप म्हणजे मंडपवाल्याचा आहुजा, भाषणाचा, सोबत दोन भोंगे. बासवाल्याकडे बास गिटार नव्हतीच, तो साध्या स्पॅनिश गिटारच्या वरच्या चार जाड तारा वाजवायचा. ड्रमर तबला शिकलेला, त्याला शाळेच्या संचलनाचे ड्रम मिळाले. आता मोठ्या ड्रमला पायाने वाजवायचं पेडल कुठून आणणार, म्हणून आठवीतला एक पोरगा खाली बसून काठीने तो ड्रम वाजवायचा, तोच आमचा पेडल. सिम्बल म्हणून झांज, क्रिकेटच्या स्टंपला टांगलेली.

स्नेहसंमेलनात दीड गाणं वाजवलं. दीड, कारण सरांनी पळत येऊन प्लग काढला. त्यांना खरंच वाटलं की अँप जळतोय, "अरे आवाज फाटतोय, बंद करा!" म्हणून ओरडत होते. आम्ही व्हॉल्यूम पूर्ण पिळून मुद्दाम तो फाडला होता हे त्यांना कसं समजावणार. मग वायरमनला बोलावलं, त्याने तपासून सांगितलं की काही बिघाड नाही, आणि तोवर पुढचं कोळीनृत्य सुरू पण झालं होतं.

कॉलेजात गेल्यावर प्रकरण जरा गंभीर झालं. खरी इलेक्ट्रिक गिटार आली, धोबीतलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन नुसतं बघत उभं राहायचं, मग तिथनंच चालत रंगभवन. १९८६ पासून तिथे इंडिपेन्डन्स रॉक नावाचा रॉक बँडांचा कार्यक्रम व्हायचा ना, आय-रॉक. उघड्यावरचं थिएटर, पावसाळ्याचे दिवस, चिखल, सगळ्यांच्या अंगात काळे टीशर्ट. रॉक मशीन या मुंबईच्या बँडला पहिल्यांदा स्टेजवर पाहिलं आणि परतीच्या लोकलमध्ये कुणी बोललंच नाही. (तेच पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड झाले, काही वर्षांनी थांबले आणि २०१० ला परत आले. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं घरचं उदाहरण हेच आहे.)

तर तेव्हाची अट अशी होती की गाणं रेकॉर्डसारखं हुबेहूब वाजलं पाहिजे. स्वतःचं काही वाजवलं की पब्लिक हूट करायचं. आणि हुबेहूब म्हटलं की उच्चार पण आले. १९९१ मध्ये एका कॉलेजच्या स्पर्धेआधी आम्ही आमचा गायक बदलला. आवाज त्याचाच चांगला होता, याबद्दल तेव्हाही कुणाचं दुमत नव्हतं, पण इंग्रजी आमच्यासारखंच होतं आणि कॉन्व्हेंटचा एक मुलगा मिळाला होता, केसही लांब होते त्याचे. बदललं इथपर्यंत ठीक आहे. पण त्याला सांगितलं कुणीच नाही. मी म्हणालो ड्रमर सांगेल, ड्रमर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला हा सांगेल. रविवारी तो नेहमीसारखा प्रॅक्टिसच्या गॅरेजवर आला तर माइकपुढे दुसरा उभा. दारातच थांबला, एक अख्खं गाणं ऐकलं, मग म्हणाला "चांगला गातो की रे", आणि माझ्या पायापाशी वायरचा गुंता झाला होता तो सोडवून ठेवून निघून गेला. सायकल स्टँडवरून काढल्याचा आवाज आला तेवढाच.

नवीन गायकासोबत आम्ही तीन कार्यक्रम केले. स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाहेर. मग कुणी एमएस करायला अमेरिकेला, कुणी बँकेत, बँड असा काही फुटला वगैरे नाही, नुसता विरला.

हे फक्त आमच्याच वाट्याला आलं असं नाही. पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडचं बघा. रॉजर वॉटर्स आणि सिड बॅरेट केंब्रिजच्या एकाच शाळेतले. सिडची तब्येत, म्हणजे डोकं, ठिकाणावर राहीना, तर जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी गाडी त्याला घ्यायला वळवलीच नाही. झालं, एवढंच. नंतर १९७९ मध्ये कीबोर्डवाल्या रिक राइटला पण काढलं. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कात लाइव्ह एट या गरिबीविरोधी कार्यक्रमासाठी ते चौघं चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले तेव्हा राइट तिथे होता, कारण त्याला बोलावलं होतं. सिड नव्हता, पुढच्याच वर्षी जुलैत तो गेला. वॉटर्सने स्टेजवरून त्याचं नाव घेतलं, मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिलाय मोजलं नाही.

आणि दुसरं उदाहरण, जरा हसरं. जॉन लेननने लिव्हरपूलमध्ये १९५६ ला शाळासोबत्यांना घेऊन क्वारीमेन नावाचा ग्रुप काढला होता, बीटल्सच्या आधीचा. त्यातला पीट शॉटन कपडे धुवायची पत्र्याची खाचांची फळी वाजवायचा, वाद्यच ते त्याचं. त्याला यात काही रस उरला नाही तेव्हा लेननने तीच फळी त्याच्या डोक्यात घातली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. ड्रमर कॉलिन हँटन बसमध्ये भांडण झालं म्हणून उतरून गेला तो परत आलाच नाही. ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत हे वाजवत होते त्याच दिवशी लेनन आणि पॉल मॅकार्टनीची ओळख झाली, हे सगळ्यांना माहितीये. पण त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच वूल्टनला जुने पाचजण परत उभे राहिले हे फार जणांना माहीत नसतं. फळीवाला होता, बसमधून उतरलेला पण होता. साठीच्या घरातली माणसं. लेनन तर १९८० मध्येच गेला, म्हणून गायला लेन गॅरी, जो पूर्वी चहाच्या खोक्याला दोरी बांधून केलेला बास वाजवायचा. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडमधून आधीच गळालेले लोक, आणि मजेत वाजवतायत. मला ते मॅकार्टनीपेक्षा जवळचे वाटतात, खरं सांगतो.

तर आमचं. २०२३ ला बॅचला ३५ वर्षं झाली, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी संमेलनाचा काळाकुट्ट फोटो टाकला आणि झालं सुरू. तुमच्यासारखेच आम्ही चार तयार. गायक पण ग्रुपवर होता पण रोज सकाळी फुलांचा सुप्रभात सोडून काही टाकायचा नाही. कॉन्व्हेंटवाला न्यू जर्सीला. बाकीचे म्हणे कुणीतरी तरुण पोरगा भाड्याने घेऊ गायला. मी म्हटलं थांबा, फोन मी करतो. चार दिवस नंबर काढून नुसता बघत बसलो. बायको म्हणाली कर्ज मागायचंय का कुणाकडे.

केला शेवटी. तयारी केली होती काय काय बोलायचं त्याची, ९१ चा विषय कसा काढायचा वगैरे. त्याने बोलूच दिलं नाही. "स्केल काय ठेवणार? मला आता काळी चार झेपत नाही," हेच पहिलं वाक्य. तो इतकी वर्षं एका भजनी मंडळात गातोय, आणि आम्ही बाकीचे चौघं तीस वर्षं एक सूर लावला नाही. माफी मी पंधरा दिवसांनी मागितली, जॅम रूमच्या, म्हणजे प्रॅक्टिसच्या भाड्याच्या खोलीच्या, खाली, वडापाव खाताना. तो म्हणाला, "हां, ते झालंच." एवढंच म्हणाला. "सोड रे" असं म्हणाला नाही हे माझ्या लक्षात आहे.

पहिली प्रॅक्टिस ठाण्यातल्या एका जॅम रूममध्ये. आता सगळं भाड्याने मिळतं, ड्रम, बास, अँप, एसी, तेव्हा यातलं एक जरी असतं तर... असो. सगळ्यात आधी दोन्ही गिटार आणि बास अर्धा स्वर खाली उतरवल्या, मोठमोठे म्हातारे बँड हेच करतात, लाज वाटून घेऊ नका. दुसरं म्हणजे कानात बोळे. चेष्टा नाही, ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे बंद खोलीत ड्रम आणि अँप मिळून १०० झालं की फक्त पंधरा मिनिटं. आमच्या लीडवाल्याच्या कानात आधीच शिट्टी वाजते, आणि कान उतरल्यामुळे तो ट्रेबल, म्हणजे बारीक टोकदार आवाज, वाढवत नेतो, मग बाकीच्यांचेही कान जातात. गिटारच्या तारा ०.००९ इंची घ्या, पातळ. बोटांना घट्टे पडायला तीन-चार आठवडे लागतात तोवर घरी रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. बासवाल्याचा खांदा फ्रोझन आहे, तो बसून वाजवतो. आणि कॉर्ड मोठ्या अक्षरात छापून घ्या कारण वाचायचा चष्मा घातला की ड्रमर दिसत नाही आणि काढला की कागद दिसत नाही.

मग गाणं सुरू केलं, तेच तिसऱ्या ओळीत भाकरीवालं. लीडवाल्याच्या मुलीने खरे शब्द प्रिंट काढून दिले होते, स्टँडवर समोर ठेवलेले. गायकाने पहिल्या दोन ओळी कागद बघून नीट म्हटल्या आणि तिसरीला भाकरी. परत घेतलं, परत भाकरी. तिसऱ्यांदा तर ड्रमर पण भाकरी म्हणाला. वही केव्हाच हरवली पण ती आम्हा पाचहीजणांच्या डोक्यात होती, काय करणार. कागद काढून टाकला शेवटी. आणि आवाज, काय सांगू, भजनाने काय झालाय त्याचा आवाज. उच्चार तसेच आहेत. ते ऐकताना मला समजेना की ९१ ला आम्हाला नक्की कशाची लाज वाटत होती.

निघताना तो चपला घालता घालता म्हणाला, "पुढच्या रविवारी आहे ना? का परत इथे येऊन कळणार?" सगळे हसले. मी पण हसलो, पण उशिरा.

त्या वर्षी बासवाल्याच्या सोसायटीच्या गणपतीत वीस मिनिटं वाजवलं, फॅन्सी ड्रेस आणि बक्षीस समारंभाच्या मध्ये. दहाला स्पीकर बंद म्हणून शेवटचं गाणं परत अर्धंच राहिलं, म्हणजे ८७ च्या संमेलनासारखंच झालं. आता महिन्यातून एक रविवार जमतो.

तर तुम्ही पाचव्याला आधी फोन करा, गाणी नंतर ठरवा. नाही म्हणाला तर नाही, पण त्याला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका. आणि रूम दोन तासांचीच बुक करा, तिसऱ्या तासाला उभं राहवत नाही. ड्रमरला कमरेचा पट्टा घेऊन यायला सांगा, आमचा पहिल्या दिवशी विसरला होता तर सोमवारी ऑफिसला जाऊ शकला नाही.